निघोजचे रांजणखळगे आणि ‘शास्त्रज्ञही थक्क’ मंडळी

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या, शाळासोबत्यांच्या आणि ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास उगवतो. विषय, कुकडी नदीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे. शब्द दरवेळी थोडे इकडेतिकडे होतात, ऐवज तोच. पुण्यापासून हाकेच्या अंतरावर जगातलं एकमेव आश्चर्य आहे. काळ्या पाषाणात असंख्य रांजण कोरलेले आहेत. ते कसे झाले हे शास्त्रज्ञांना आजही उलगडलेलं नाही. कुणी म्हणतं ती ज्वालामुखीची तोंडं, कुणी म्हणतं उल्का पडल्या, कुणी म्हणतं पांडवांनी एका रात्रीत कोरले, तर कुणी पूर्वजांच्या हरवलेल्या तंत्रज्ञानाकडे बोट दाखवतं. खळगे अथांग आहेत, पाणी कधी आटत नाही, त्यात आंघोळ केली की कातडीचे विकार जातात. गिनीज बुकात नोंद आहे. आणि शेवटी, अर्थातच, अभिमान असेल तर पुढे पाठवा.

अभिमान मलाही आहे. म्हणून पुढे पाठवण्याआधी एकेक दावा उलटून बघू.

आधी पत्ता. निघोज पुण्याचं नाही. ते पारनेर तालुक्यातलं, म्हणजे अहिल्यानगर (परवापरवापर्यंतचं अहमदनगर) जिल्ह्यातलं गाव. कुकडी तिथे जिल्ह्याची हद्द होऊन वाहते. अलीकडच्या काठाला शिरूर तालुक्यातली टाकळी हाजी, म्हणजे पुणे जिल्हा, पलीकडे निघोज. दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं आणि मधे झुलता पूल. तेव्हा ‘आपल्या पुण्याचं आश्चर्य’ म्हणायचंच असेल तर अर्ध्या पात्रापुरतं म्हणावं, निघोजकर ऐकून घेतील.

आता मुख्य मुद्दा: ‘शास्त्रज्ञांना उलगडलेलं नाही’. बाकीचे दावे चुकीचे असले तरी निरुपद्रवी आहेत. हा मात्र धडधडीत खोटा आहे, आणि ज्यांना शाळेत भूगोल होता त्यांनीच तो पुढे पाठवावा याची गंमत वाटते. नदीचं खननकार्य या धड्यात घळई, धबधबा आणि रांजणखळगे ही नावं पाठ केल्याशिवाय आपल्यापैकी कुणी दहावीपर्यंत पोचलेलं नाही. महाराष्ट्रात त्याचं उदाहरण द्यायचं झालं की पहिलं नाव निघोजचंच येतं.

प्रक्रिया अशी. नदीचा तळ जिथे उघड्या खडकाचा असतो आणि उतार एकदम वाढतो, तिथे पुराचं पाणी सरळ जात नाही, भोवरे करत जातं. खडकाला आधीच कुठे भेग असते, कुठे बारीक खोलगा. भोवऱ्यात सापडलेली वाळू आणि गोटे त्या खोलग्यात गरगर फिरतात. खोलगा जरा मोठा झाला की त्यात आणखी मोठा गोटा अडकतो, आणि एकदा अडकला की तो सहसा बाहेर पडत नाही. डोशाचं पीठ वाटायच्या रगड्यासारखं चालतं ते, फरक इतकाच की इथे वाटला जातो तो रगडा स्वतः. गोटा झिजून वाटोळा होतो, मग बारीक होतो, संपतो. पुढच्या पुरात दुसरा येतो. खळगा खाली खोल जातो आणि पोटात रुंदावतो. तोंडाशी पाणी झपाट्याने निघून जातं, पोटात मात्र घुमत राहतं, म्हणून तोंड अरुंद आणि पोट मोठं. शेजारशेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत पातळ होत होत एक दिवस फुटते, आणि दोघांचा मिळून एक होतो. अशा फुटलेल्या भिंती, अर्धवट कमानी, एकातून दुसऱ्यात उघडणारी भोकं निघोजला जागोजाग आहेत. पात्राचा मधला भाग खोल, अरुंद घळीसारखा दिसतो, त्यातही अशा जोडल्या गेलेल्या खळग्यांचा वाटा मोठा.

यावर एक शंका हमखास येते, आणि ती बरोबर आहे: बेसॉल्टसारखा कठीण खडक पाण्याने झिजेल कसा? नुसत्या पाण्याने झिजायला फारच वेळ लागेल. झिजवतात ते गोटे आणि वाळू. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं साचली. कुठे झिओलाइट, कुठे कॅल्साइट, कुठे गारगोटी. नगर रस्त्यावर निघोजला जाताना ज्या वाघोलीवरून आपण कंटाळत जातो, तिथल्या खाणींतलं निळं कॅव्हनसाइट जगभरचे संग्राहक मिळवायला धडपडतात. तेही याच पोकळ्यांमधलं. यातलं झिओलाइट नि कॅल्साइट मऊ असतं, लवकर झडतं आणि खडकाला बारीक खोलगे पडतात. गारगोटी मात्र बेसॉल्टमधल्या बहुतेक खनिजांपेक्षा कठीण. ती सुटून नदीत आली की त्याच खडकाला घासते. म्हणजे खड्डा कुठे सुरू व्हायचा तेही या पोकळ्या सुचवतात आणि घासायला हत्यारही त्याच पुरवतात.

शास्त्रज्ञांमध्ये वाद नाहीत का? आहेत. जास्त काम तळाशी फिरणारे मोठे गोटे करतात की पाण्यात तरंगत फिरणारी वाळू, भेगांवरून खडकाचे तुकडे उपटून निघण्याचा वाटा किती, असे ते वाद आहेत. हे काम नदीचं की उल्केचं, असा वाद कुणी घालत नाही. आणि यासाठी परदेशातल्या प्रयोगशाळेकडे बघायची गरज नाही. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे यांनी मावळात इंद्रायणीच्या पात्रातल्या अशाच खळग्यांच्या आकारांचा अभ्यास १९८७ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केला. २०११ मध्ये त्यांचाच आणखी एक निबंध आला, खडकाच्या गुणधर्मांचा खळगे घडण्यात काय वाटा असतो यावर. ‘शास्त्रज्ञ थक्क’ म्हणणाऱ्यांनी विद्यापीठाच्या गणेशखिंडीपर्यंत एक रिक्षा केली असती तरी भागलं असतं.

ज्वालामुखीचा दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा. खडक ज्वालामुखीचाच आहे, त्यात शंका नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर ते पसरलेले आहेत. पण खडकाचं वय आणि खड्ड्याचं वय या दोन वेगळ्या गोष्टी. घर शंभर वर्षांचं असलं म्हणून भिंतीतला खिळा शंभर वर्षांचा ठरत नाही. हे खळगे जर लाव्हाच्या बुडबुड्यांचे किंवा ज्वालामुखीच्या तोंडांचे असते, तर ते थरभर सगळीकडे दिसायला हवे होते. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या कापात खडक नीट उघडा पडलेला आहे, जाऊन बघा. पोकळ्या दिसतील, तांदळाच्या दाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या, फार तर त्याहून थोड्या मोठ्या. माणूस उभा राहील असा रांजण एकही नाही. निघोज-टाकळीच्या शिवारातल्या विहिरीही याच खडकात खोदलेल्या आहेत. त्यांच्या कडांतूनही रांजण डोकावत नाहीत. खळगे आहेत ते फक्त पात्रात, जिथे पाणी पोचतं तिथेच. माझ्या मते हा एक पुरावा बाकी सगळ्या कल्पनांना पुरून उरतो. उल्का काय, पांडव काय, यंत्र काय, यातल्या कुणाला नदीची कड सोडून काठावरच्या शेतात एखादा खड्डा पाडायला कुणाची हरकत होती?

उल्केबद्दल वेगळं सांगायचं ते एवढंच, की उल्का बेसॉल्टवर पडली तर काय होतं याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. तिथे लवणासुराची कथा आहे, त्याला मारणाऱ्या विष्णूचं दैत्यसूदनाचं देखणं देऊळ आहे, आणि विवर ज्वालामुखीचं की उल्केचं यावर बराच काळ खरोखर वाद होता. तो १९७०च्या दशकात मिटला. विवराच्या तळात भोकं पाडून काढलेल्या खडकात आघाताच्या प्रचंड दाबाने काचेसारखं झालेलं फेल्डस्पार हे खनिज सापडलं. तसं करणं ज्वालामुखीला जमत नाही. शिवाय विवराचा काठ उचललेला आहे आणि बाहेर उडालेला मालमसाला आजूबाजूला पसरलेला आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. निघोजला यातलं काहीच नाही. उल्कांनी नदीचं पात्र नेमकं शोधून, ओळीने, अरुंद तोंडाचे आणि मोठ्या पोटाचे खड्डे पाडले असं मानायचं असेल तर त्या उल्कांना गवंडीकाम येत होतं असंही मानावं लागेल.

कोरीवकामाच्या दाव्यात तरी थोडा जीव आहे. कारण आपल्याकडे बेसॉल्ट कोरण्याची परंपरा खरोखर दांडगी आहे, आणि योगायोग असा की तिचा एक मोठा अड्डा याच कुकडीच्या वरच्या अंगाला आहे. जुन्नर. लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा लेणी. नदी उगम पावते ती पूर गावच्या कुकडेश्वराजवळ, आणि तिथून जवळच नाणेघाट, जिथे सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. घाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजणही आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो. म्हणजे एकाच नदीच्या वरच्या टोकाला माणसाने घडवलेला रांजण आणि खाली तिने स्वतः घडवलेले. तुलना करायला याहून सोय ती काय हवी?

करून बघा. लेण्यांच्या भिंतींवर छिन्नीचे तिरपे, समांतर घाव आजही बोटाला लागतात. पुण्यातल्या पाताळेश्वरातसुद्धा दिसतील. कारागीर कोपरा काढतो, काटकोन साधतो, खांबाला खांब जुळवतो. खळग्याच्या आतल्या भिंतीला असला एक घाव नाही. तिथे आहेत त्या खाली उतरत जाणाऱ्या, वळणावळणाच्या उथळ पन्हळी, हाताला साबणासारख्या लागणाऱ्या. एक बाजू जास्त खाल्लेली, दुसरी कमी. आणि तळाशी, पाणी उतरलं असेल तर, हत्यारं जागेवरच पडलेली असतात: वाटोळे गोटे. गुन्हेगार इतका निष्काळजी असताना तपास ‘अजून सुरू आहे’ म्हणणं म्हणजे पोलिसांचा अपमान आहे.

पांडवांची गोष्ट मी या यादीत घेणारच नव्हतो. पांडव एका रात्रीत काम करतात, कोंबडा आरवतो, काम अर्धवट राहतं, ही कथा महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक लेण्याला लागू केलेली आहे. ती सांगणाऱ्या आजीला भूगर्भशास्त्राचा निबंध लिहायचा नव्हता. कथेला कथा म्हणून ऐकलं की तिचा त्रास होत नाही. पण ती उल्का आणि ज्वालामुखीच्या रांगेत ‘एक शक्यता’ म्हणून उभी केली की दोघांचंही हसं होतं.

‘अथांग’ या दाव्याचंही तसंच. खोल डोहाबद्दल आपल्याकडे ठरलेलं बोलणं आहे: सात बाजांचं सुंभ सोडलं तरी तळ लागला नाही. कुंड कुठलंही असो, बाजा सातच. आता प्रत्यक्षात काय होतं? वाहत्या पाण्यात सोडलेला दोर सरळ खाली जातच नाही, प्रवाह त्याला आडवा ओढतो, आणि पोटात रुंद असलेल्या खळग्यात तो बाजूच्या कपारीत शिरतो. दोर संपतो, तळ राहतो बाजूला. शिवाय खळगा घडण्याच्या रीतीतच त्याचा तळ गृहीत आहे, कारण घासणारे गोटे तळावरच फिरतात. तळ नसलेला रांजणखळगा म्हणजे तळ नसलेली कढई. पण त्या सुंभाच्या गोष्टीचं काम वेगळं होतं असं मला वाटतं. पोराला ‘वीस हात खोल आहे’ सांगितलं तर ते उडी मारून बघतं. ‘सात बाजांचं सुंभ पुरलं नाही’ सांगितलं तर काठावर थांबतं. गावाने धोक्याची पाटी लावली होती ती. मजकूर लिहिणाऱ्याने ती उपटून तिचं मोजमापाचं प्रमाणपत्र केलं.

पाणी आटत नाही, हे थोडक्यात संपवतो. कुकडी आता धरणांची नदी आहे. तिच्यावर माणिकडोह आणि येडगाव आहे, आणि शेजारच्या नद्यांवरची वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे धरून हा सगळा कुकडी प्रकल्प. खाली पात्रात कधी किती पाणी असेल हे दैवी इच्छेपेक्षा आवर्तनाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या, तारखांवर जास्त ठरतं, आणि त्या तारखांवरून दर उन्हाळ्यात किती रणं माजतात हे पारनेर-श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला विचारा. खोल खळग्यात पाणी साठून राहतं हे खरं, कारण खडक सलग आहे आणि अरुंद तोंडामुळे ऊन कमी लागतं. बास.

आता ‘जगातलं एकमेव’ आणि गिनीज. एकमेव तर मुळीच नाही. सगळ्यात जवळचा दाखला वर आलाच: तळेगावजवळ इंद्रायणीवरचा कुंडमळा. दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड नदीवर ‘बोर्क्स लक’ नावाचे खळगे पर्यटकांनी फुललेले असतात. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न शहरात १८७२ मध्ये हिमनदीखालच्या वितळपाण्याने घडवलेले खळगे सापडले. त्यातला मोठा साडेनऊ मीटर खोल आणि आठ मीटर रुंद आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आर्चबाल्डचा खळगा १८८४ मध्ये कोळशाच्या खाणीत काम करताना सापडला, खोली ३८ फूट. जिथे खडकाळ तळ, उतार आणि जोरदार पाणी एकत्र येतं तिथे हे होतंच.

गिनीजबद्दल माझा प्रश्न साधा आहे. नोंद कशाची? सर्वांत खोल खळग्याची, सर्वांत रुंद, की संख्येने सर्वांत जास्त? मजकुरात वर्गही नसतो, आवृत्तीही नसते. कधी ‘आशियातला सर्वांत मोठा’ असतं, कधी ‘जगातला’. खंड बदलला तरी पुढे पाठवणाऱ्याचा अंगठा थांबत नाही. आणि समजा नोंद असलीच, तरी तिच्याने शास्त्रात काही भर पडत नाही.

निघोजचं वैशिष्ट्य वेगळं आहे, आणि ते सांगायला विक्रमाची गरज नाही. एवढ्याशा लांबीत इतके खळगे, इतक्या वेगवेगळ्या अवस्थांत, दाटीवाटीने, आणि काठावर उभं राहून वरून दिसतील असे, हे दृश्य क्वचितच मिळतं. शिवाय खरंच थक्क व्हायचंच असेल तर याच नदीवर वर जुन्नर तालुक्यात बोरीला जा. तिथे कुकडीच्या काठाच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि ती राख आपल्या सह्याद्रीतली नाही. ती पार इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची. त्याच ठिकाणी अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली. राखेच्या वयावर संशोधकांनी वर्षानुवर्षं भांडणं केली आहेत, कुणी पंचाहत्तर हजार वर्षं म्हणतं, कुणी त्याच्या कित्येक पट. हा खराखुरा वादाचा विषय आहे, पण त्यावर मजकूर फिरत नाही. पांडव नाहीत ना त्यात.

या मजकुराखाली दर वेळी दुसरीही एक फौज उतरते: सगळी अंधश्रद्धा आहे, देवळं आधी हटवा. यांच्याशीही माझं जमत नाही. मळगंगा हे त्या पंचक्रोशीचं दैवत आहे. चैत्रातल्या यात्रेत निघोजच्या बारवेतून देवीची घागर वर येते अशी भाविकांची श्रद्धा आहे आणि ती बघायला गर्दी लोटते. कुंड देवीचं आहे, हे विधान खड्डा कुणी पाडला याबद्दलचं नाही. ती जागा कुणाच्या सांभाळातली आहे याबद्दलचं आहे. या विधानाला नदी, गोटे आणि भोवरे यांनी काहीही धक्का लागत नाही. देवीच्या नावाने ‘शास्त्र हरलं’ असा जयघोष करणाऱ्याने मात्र ती श्रद्धा उगाच एका परीक्षेला बसवली, जी द्यायची तिला गरजच नव्हती.

राहता राहिली आंघोळ. पाणी औषधी वगैरे नाही. धरणातून सुटलेलं, वाटेतल्या गावांचं आणि उसाच्या शेतांचं निथळ घेऊन आलेलं नदीचं पाणी आहे ते. कातडीच्या विकाराला त्वचारोगतज्ज्ञ असतात. आणि या एका ओळीबद्दल मला विनोद सुचत नाही, कारण ती वाचून माणसं खरंच पाण्यात उतरतात. खळग्याची कड गुळगुळीत आणि शेवाळलेली असते, भिंत आत वळलेली असते, म्हणजे आत पडलेल्याला धरायला काही नसतं आणि वर यायचं तोंड अंगापेक्षा फार मोठं नसतं. पट्टीच्या पोहणाऱ्याचंही तिथे काही चालत नाही. पात्र वरून शांत दिसत असताना खाली एका खळग्यातून दुसऱ्यात ओढ असू शकते. कुंडमळ्याला १५ जून २०२५ रोजी जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने भरलेला असताना कोसळला आणि चौघांचा जीव गेला. तो पुलाचा दोष, खळग्यांचा नव्हे. पण रविवारी तिथे एवढी झुंबड का होती, याचं थोडं उत्तर आपापल्या फोनमध्ये सापडेल.

बघायला जरूर जा. शिरूरवरून टाकळी हाजीकडे वळा, म्हणजे पुणे जिल्ह्यातला काठ आधी लागेल. पुरात गेलात तर नुसतं गढूळ पाणी दिसेल, खळगे दिसणार नाहीत. उन्हाळ्यात, आवर्तन बंद असताना गेलात तर काठाजवळच्या कोरड्या, उथळ खळग्यांत वाकून बघता येईल. आतले गोटे तिथेच राहू द्या. आणि जाऊन आल्यावर ग्रुपवर फोटो टाकणारच असाल, तर खाली जिल्हा नीट लिहा.